कंदीलपुष्प अर्थात सेरोपेजिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात येऊर, कर्नाळा किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भटकंती करणाऱ्या मुंबईकरांकडून या फुलाविषयी दरवर्षी साधारण तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणांसाठी मुख्यतः सेरोपेजिया बल्बोसा ही कोरड्या झुडपी माळावरची जात घेतली असून, गरजेप्रमाणे सह्याद्रीतील इतर जातींचाही उल्लेख केला आहे.

कंदीलपुष्प म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

सेरोपेजिया या प्रजातीतील, म्हणजे जवळचे नाते असलेल्या अनेक जातींच्या गटातील, वनस्पतींना मराठीत कंदीलपुष्प म्हणतात. डोंगरांतील गावांमध्ये खरपुडी, हमण अशीही नावे ऐकू येतात. मात्र एकच नाव दोन खोऱ्यांत दोन वेगळ्या जातींसाठी वापरले जात असल्याने केवळ स्थानिक नावावरून जात ठरवू नये. पूर्वी ही प्रजाती रुईच्या कुळात गणली जात असे. १९९८ मधील वर्गीकरणात रुईचे कूळ कण्हेरीच्या कुळात विलीन झाले, त्यामुळे आता रुई, कण्हेर, सदाफुली, उपळसरी आणि कंदीलपुष्प ही सर्व एकाच कुळाची सदस्य ठरतात. लिनियसने १७५३ मध्ये या प्रजातीचे नामकरण केले आणि त्यासाठी मलबारातील वनस्पतींच्या जुन्या डच ग्रंथातील चित्राचा आधार घेतला, म्हणजे या प्रजातीची शास्त्रीय ओळखच भारतीय वेलीपासून सुरू झाली. सेरोपेजिया बल्बोसाचे वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या सचित्र ग्रंथात प्रसिद्ध केले.

ती कोणत्या प्रकारच्या प्रदेशात वाढते?

सेरोपेजिया बल्बोसाचा प्रदेश म्हणजे पश्चिम आणि द्वीपकल्पीय भारताचा कोरडा, खडकाळ, काटेरी झुडपांचा भाग. राजस्थान, गुजरात, महाराष्ट्राचा देशावरचा पट्टा आणि तेथून दक्षिणेकडे ती आढळते. बोर, करवंद, तरवड आणि निवडुंग यांच्या जाळ्यांमध्ये ती उगवते आणि त्यांच्याच आधाराने वर चढते. शेळ्या-मेंढ्या भर काट्यात तोंड घालत नाहीत, म्हणून जाळीच्या आतला कोंब वाचतो आणि मोकळ्या जागेतला खाल्ला जातो. एखाद्या माळावर ती फक्त करवंदीच्या जाळ्यांतच दिसली, तर तिला करवंदीचीच गरज आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पुष्कळदा तेवढीच जागा चराईतून सुटलेली असते.

पडीक म्हणून नोंदलेली झुडपी जमीन आपल्याकडे निरुपयोगी मानली जाते, आणि झाडे लावून ती ‘हिरवी’ करण्याच्या योजना सतत आखल्या जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते ही फार मोठी चूक आहे. अशा माळावर खड्डे खणून दाट सावलीची झाडे लावली, तर उन्हाला सरावलेल्या कंदवर्गीय वनस्पती तेथून नाहीशा होतात, आणि वर्षातील बराच काळ त्या जमिनीखाली असल्यामुळे त्या गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

कंदाचे काम काय?

या वनस्पतीचे बहुवर्षायुषी शरीर म्हणजे तिचा कंदच होय. बल्बोसाचा कंद बाजूंनी पसरट, वरून दाबल्यासारखा गोल असतो; त्याच्या माथ्यातून खोड निघते, तर मुळे खाली जातात. जूनमधील पहिल्या दमदार पावसानंतर कंदातील पिष्टमय साठ्यावर कोंब झपाट्याने वाढतो. जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत, काही ठिकाणी ऑक्टोबरातही, फुले येतात. पाऊस सरताच वेल पिवळी पडते आणि नोव्हेंबरपर्यंत जमिनीवर तिचा मागमूस राहत नाही. हिवाळा आणि संपूर्ण उन्हाळा कंद सुप्तावस्थेत काढतो. तापलेल्या जमिनीच्या वरच्या थरातील ओल संपते, गवताला वणवा लागतो, गुरे माळ चरून मोकळा करतात. या सर्वांतून कंद वाचतो, कारण तो खडकांच्या फटीत किंवा मातीत काही इंच खाली असतो.

वर्षातील सुमारे चार महिने पाने आणि आठ महिने विश्रांती, असा हा हिशेब आहे. पुढच्या वर्षाचे अन्न त्या चार महिन्यांतच साठवावे लागते. म्हणून पाऊस फार ओढला किंवा वेल अर्ध्यावरच कापली गेली, तर पुढील हंगामात तीच वनस्पती लहान राहते आणि फुलेही येत नाहीत. एखाद्या वर्षी नेहमीच्या जागी वेल दिसली नाही म्हणजे ती मेली, असे मात्र लगेच समजू नये.

फुले नसताना वेल कशी ओळखावी?

हे काम कठीण आहे, आणि बल्बोसाच्या बाबतीत तर विशेष कठीण. तिची पाने समोरासमोर येतात आणि जाडसर, मांसल असतात; पण आकार इतका बदलतो की एका वेलीवर जवळजवळ गोल पाने, तर दुसरीवर गवतासारखी अरुंद पाने आढळतात. अरुंद पानांच्या वेलींना पूर्वी वेगळे नावही दिले गेले होते. हमण म्हणजे सेरोपेजिया हिर्सुटाच्या खोडावर आणि पानांवर लव असते, तर सेरोपेजिया अटेन्यूएटा वेल नसून ताठ, बारीक, गवतातून डोकावणारे रोप असते. तोडलेल्या देठातून रुईसारखा दाट पांढरा चीक येत नाही; रस बहुधा पाणीदार असतो. अर्थात ही खूण तपासण्यासाठी देठ तोडण्याचे कारण नाही. फूल येईपर्यंत थांबावे, हे उत्तम.

फुलाची रचना कशी असते?

पाकळ्या जुळून त्यांचा एकच लांबट नळीसारखा भाग, म्हणजे दलपुंज, बनतो. त्याचा तळ फुगीर असतो, मधला भाग अरुंद नळीसारखा आणि वरचा भाग पुन्हा रुंदावलेला. वरच्या टोकाला पाच खंड असतात आणि बहुतेक जातींत त्यांची टोके एकमेकांना चिकटून छोटा पिंजरा तयार होतो. पाच खंडांमध्ये पाच फटी राहतात. कीटकांसाठी प्रवेशद्वारे तीच. बल्बोसाचे फूल साधारण दोन ते तीन सेंटिमीटर लांब, फिकट हिरवट असून वरचे खंड जांभळट असतात. सह्याद्रीतील काही जातींची फुले याहून बरीच मोठी आणि ठिपकेदार असतात.

तळाच्या फुगीर कक्षात फुलाची खरी जननेंद्रिये असतात. पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगवेगळे सुटे नसतात. ते जुळून एक बुटका स्तंभ होतो आणि त्याभोवती उपांगांचे तोरण असते. मकरंदही तेथेच, स्तंभावरील पाच खाचांच्या तळाशी पाझरतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातील काहीच दिसत नाही, म्हणून गळून पडलेले फूल मिळाल्यास ते ब्लेडने उभे चिरून भिंगाखाली पाहावे. कोणत्याही चित्रापेक्षा त्यातून अधिक समजते.

माशी फुलात अडकते, हे खरे आहे का?

होय. काही मिलिमीटर लांबीच्या अगदी लहान माश्या गंधाने आणि वरच्या खंडांच्या रंगाने आकर्षित होऊन फटीतून आत येतात. नळीच्या आतील पृष्ठभाग निसरडा असतो आणि बऱ्याच जातींत तेथे खाली झुकलेले ताठ केस असतात. घसरलेली माशी खाली सहज जाते, पण केसांची टोके विरुद्ध दिशेने असल्यामुळे वर येऊ शकत नाही. शिवाय तळाच्या कक्षाच्या भिंतीत अर्धपारदर्शक भाग असतो. तेथून उजेड येतो, माशी उजेडाकडे धाव घेते आणि त्यामुळे नळीकडे वळण्याऐवजी स्तंभाजवळच घुटमळत राहते.

मग ती आतच मरते का? ही वनस्पती कीटकभक्षी आहे का?

नाही. या फुलात पाचक रस नसतो आणि माशीच्या शरीरातून वनस्पतीला कसलेही पोषण मिळत नाही. काही तासांनंतर, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी, नळीतील केस सुकून मऊ पडतात, ताठ उभे असलेले फूल अनेक जातींत कलते आणि वाट मोकळी होते. माशी जिवंत बाहेर पडते. ती पुढच्या फुलात गेली नाही, तर या साऱ्या रचनेचा वनस्पतीला काहीच उपयोग नाही. म्हणजे माशी सुखरूप सुटणे ही वनस्पतीचीच गरज आहे.

परागकण माशीला चिकटतात की माशी ते खाते?

दोन्ही नाही, आणि या कुळाचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य येथेच आहे. झेंडूच्या किंवा भोपळ्याच्या फुलाप्रमाणे येथे परागांची सुटी भुकटी नसते. परागकण एकत्र येऊन मेणचट परागपिंड बनतात. असे दोन पिंड बारीक दांड्यांनी मधल्या एका चिमट्याला जोडलेले असतात आणि अशा पाच जोड्या प्रत्येक फुलात असतात. माशी मकरंदासाठी खाचेत सोंड घालते. सोंड बाहेर काढताना ती खाचेच्या कडांमधून वर सरकते आणि वरच्या टोकाला असलेल्या चिमट्याच्या फटीत पकडली जाते. माशी जोर लावते तेव्हा चिमटा परागपिंडांसह उपटून येतो आणि सोंडेवरच राहतो.

हीच माशी दुसऱ्या फुलात अडकली आणि तेथेही सोंडेने मकरंद शोधू लागली, तर पिंड खाचेत शिरतो, तुटून अडकतो आणि त्यातून परागनलिका अंडाशयाकडे वाढू लागतात. एका पिंडात पुष्कळ परागकण असल्यामुळे एका यशस्वी भेटीत संपूर्ण फळभर बिया धरू शकतात. मात्र सोंडेची जाडी आणि खाचेची रुंदी जुळावी लागते: फार लहान माशीला चिमटा उपटता येत नाही, तर मोठी माशी फुलात शिरूच शकत नाही. म्हणूनच शेकडो फुले येऊनही फळे थोडीच धरतात. वेलीवर फळ नसल्यास ती रोगट आहे, असा समज करून घेऊ नये.

फुलाला कुजका वास येतो का?

माणसाच्या नाकाला बहुतेक जातींचा वास जाणवतही नाही. माश्यांसाठी मात्र तो अर्थपूर्ण असतो. दक्षिण आफ्रिकेतील सेरोपेजिया सँडर्सोनी या जातीवरील संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. काही लहान माश्या कोळ्याने पकडलेल्या मधमाशीच्या जखमांतून पाझरणारा द्रव पिऊन जगतात. संकटात सापडलेली मधमाशी जी रसायने सोडते, त्यांच्याशी मिळतीजुळती रसायने हे फूल हवेत सोडते आणि त्या माश्यांना बोलावून घेते. माशी मेजवानीच्या आशेने येते. प्रत्येक जातीचा गंध आणि तिच्याकडे येणाऱ्या माश्या वेगळ्या असल्याने हेच निष्कर्ष आपल्या बल्बोसाला जसेच्या तसे लावू नयेत.

ईश्वरी आणि सापकांदा यांचीही फुले अशीच दिसतात. त्यांचे नाते आहे का?

नाते नाही. ईश्वरीच्या फुलातही फुगीर तळ, अरुंद नळी आणि माश्यांना तात्पुरते कोंडण्याची सोय असते, पण ती नळी पाकळ्यांची नसून पुष्पकोशाची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाची, असते, त्यात परागपिंड नसतात आणि तिचे कूळ अगदी वेगळे आहे. सापकांदा अळूच्या कुळातला आहे. त्याचे ‘फूल’ म्हणजे एका छदाने, म्हणजे पानासारख्या आवरणाने, वेढलेला संपूर्ण फुलोरा असतो. माश्यांना कोंडून परागीभवन साधण्याची रीत या तीन घराण्यांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली.

बिया कशा पसरतात?

फळ म्हणजे दोन बारीक, लांब, टोकदार शेंगांसारख्या पेटिका. पुष्कळदा जोडीतील एकच वाढते. पावसाळ्यानंतर ती एका बाजूने उकलते. बिया चपट्या असून त्यांच्या टोकाला रुईच्या म्हातारीसारखा रेशमी केसांचा झुबका असतो, त्यामुळे त्या वाऱ्यावर जातात. बी काटेरी झुडपात अडकून खाली पडले, तर रोपाला आधार आणि संरक्षण आपोआप मिळते.

मुंबईत किंवा जवळपास हे फूल पाहायला मिळते का?

बल्बोसासाठी घाट ओलांडून पुणे, नाशिक किंवा अहिल्यानगरकडील कोरड्या टेकड्यांवर जावे लागेल. मुंबईच्या परिसरातील ओलसर डोंगरउतारांवर सेरोपेजिया विंकिफोलिया ही जात पाहण्याची संधी मिळते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही तिची नोंद आहे. ऑगस्ट आणि सप्टेंबर हे योग्य महिने. वाटेच्या कडेची झुडपे डोळ्यांच्या उंचीवर सावकाश पाहत चालावे, कारण ही फुले पानांत मिसळून जातात.

प्रत्यक्ष फूल मिळाले नाही, तरी शहरात अभ्यासाची उत्तम सोय आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमची स्थापना १९०६ मध्ये झाली आणि पश्चिम भारतातील वनस्पतींचे जुने, वाळवून जतन केलेले नमुने तेथे आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तर १८८३ पासून कार्यरत आहे. या संस्थेशी निगडित असलेले चार्ल्स मॅककन यांनी सेरोपेजिया इव्हान्सी या जातीचे वर्णन केले, आणि पुढे सेरोपेजिया मॅककानी ही जात त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

महाराष्ट्रात इतक्या वेगवेगळ्या जाती का आढळतात?

सह्याद्रीतील सडे, कडे आणि किल्ल्यांचे माथे ही एकमेकांपासून तुटलेली ठिकाणे आहेत. कंदातून उगवणारी, मोजक्या माश्यांवर अवलंबून असलेली आणि उथळ मातीत तग धरणारी वनस्पती अशा एकाकी माथ्यांवर दीर्घकाळ राहिली, तर तिचे वेगळे रूप स्थिर होण्याची शक्यता वाढते. सेरोपेजिया अंजनेरिका ही नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरील जात २००६ मध्ये विज्ञानाला नव्याने ज्ञात झाली. मुंबई इलाख्यातील अधिकारी लॉ यांच्या नावाची सेरोपेजिया लॉई हरिश्चंद्रगड परिसरातून प्रसिद्ध आहे. कास पठारावर सेरोपेजिया जैनी आढळते. यांतील कित्येक जाती केवळ पश्चिम घाटात किंवा त्याच्या एखाद्या छोट्या भागातच आहेत, जगात इतरत्र कोठेही नाहीत. बहुतेक जातींत गुणसूत्रांची संख्या २२ हीच असते. त्यांच्यातील भेद प्रामुख्याने फुलाच्या घडणीत दिसतो.

कंद खाण्याजोगा असतो का?

असतो. मेंढपाळ, गुराखी आणि आदिवासी कुटुंबे काही जातींचे कंद कच्चे किंवा उकडून खात आली आहेत, आणि बल्बोसा खाल्ली जात असल्याचे रॉक्सबर्ग यांच्या काळापासून माहीत आहे. रानडुकरे आणि साळिंदरेही कंद उकरतात. जेथे वनस्पती मुबलक होती तेथे या वापराने ती संपली नाही. मात्र शहरातून येणारी औषधी कंदांची मागणी, चराईचा वाढलेला दाब, खाणी, रस्ते आणि फार्महाऊससाठी सपाट केलेले माळ हे सर्व एकत्र आल्यावर थोडे कंद काढणेही जड जाते. काही मीटरच्या परिसरात दहा-बारा वेलीच असतील आणि त्यांतील चार उपटल्या, तर माशीला एका फुलातून दुसऱ्यात जाणेच दुरापास्त होते. म्हणून हौसेखातर किंवा औषध म्हणून कंद खणू नये, हे आग्रहाने सांगावेसे वाटते.

नर्सरीत मिळणारी ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ हीच का?

ती याच प्रजातीतली, पण आपल्याकडची नाही. सेरोपेजिया वुडी ही आफ्रिकेच्या दक्षिण भागातील जात असून तिच्या लोंबत्या खोडावर पेरांपाशी छोटे कंद येतात. ते मातीवर ठेवले की मुळे धरतात. तिचे फूल लहान असले तरी पिंजरा, केस आणि फुगीर कक्ष हे सर्व त्यात पाहता येते. मुंबईच्या खिडकीत अप्रत्यक्ष उजेड आणि भरपूर वाळू-खडी घातलेली माती दिली, तर ती छान वाढते. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नये, नाहीतर कंद सडतात.

रानातली वेल आणून कुंडीत लावली तर चालेल का?

नाही. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यातून परवानगीविना वनस्पती उपटणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. इतर ठिकाणाहून आणलेला कंदही मुंबईच्या दमट हवेत बहुधा टिकत नाही, कारण त्याला आठ महिन्यांची कोरडी विश्रांती मिळत नाही. या प्रजातीच्या संवर्धनाचे काम बिया, ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) आणि मूळ अधिवासात पुनर्लागवड या मार्गांनी होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अनेक जाती अशा रीतीने जोपासल्या गेल्या आहेत.

अलीकडे शास्त्रीय नावे बदलल्याचे ऐकले. ते काय आहे?

आनुवंशिक अभ्यासानंतर २०१७ मध्ये काही संशोधकांनी माकडशिंगासारख्या काटेविरहित, मांसल वनस्पती आणि ब्रॅकिस्टेल्मा ही जवळची प्रजाती या सर्वांना सेरोपेजियातच सामावून घेतले, त्यामुळे प्रजातीतील जातींची संख्या सातशेच्या पुढे गेली. सर्वांनी हा बदल स्वीकारलेला नाही. क्षेत्रभेटीची नोंद करणाऱ्याला सध्या जुनी नावे वापरली तरी अडचण येत नाही.

फूल सापडल्यास नोंद कशी करावी?

फुलाची बाजूने, वरून आणि पिंजऱ्याच्या फटींची जवळून छायाचित्रे घ्यावीत. पान, देठ, पेरांची लव आणि आधाराचे झुडूपही टिपावे. आत माशी दिसल्यास तिचे छायाचित्र अत्यंत मोलाचे असते, कारण भारतीय जातींच्या परागवाहकांची माहिती अजून तोकडी आहे. तारीख आणि जमिनीचा प्रकार लिहून ठेवावा. दुर्मीळ जातीचे अचूक ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर करू नये, तालुक्यापर्यंतचाच उल्लेख पुरे. नेमके स्थान फक्त अभ्यासकांना किंवा वन विभागाला कळवावे. छायाचित्रासाठी भोवतालचे गवत उपटणे टाळावे, कारण त्याच गवतात पुढच्या वर्षीची रोपे असतात.